मधली ओळ

कांजूरमार्गला आम्ही राहायचो त्या चाळीत आमची खोली आणि शांतारामकाकांची खोली यांच्यामध्ये विटांची भिंत नव्हती. उभ्या फळ्या ठोकलेल्या होत्या, फटींवर दोन्ही घरांनी आपापली जुनी कॅलेंडरं चिकटवली होती, आणि वर छपरापर्यंत हातभर जागा मोकळीच होती. त्या जागेतून आवाज जायचे, धूर जायचा, फोडणीचा वास जायचा. आमच्याकडे आईने स्टोला पंप मारायला सुरुवात केली की पलीकडून काकू विचारायच्या, "आज काय करतास गो?" आणि आई ओरडून सांगायची, "वांगं." दुपारी काकूंच्या हातची बांगड्याची आमटी वाटीभर आमच्याकडे यायची, तिच्यात तिरफळं असायची आणि मला ती आवडायची नाहीत, पण आई म्हणायची, आलेली वाटी रिकामी परत द्यायची नसते. मग त्याच वाटीत आमचा शेंगदाण्याचा ठेचा पलीकडे जायचा. आम्ही साताऱ्याकडचे, बौद्ध. ते मालवणकडचे, गणपतीच्या महिनाभर आधीपासून गावाच्या गोष्टी बोलणारे. आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, त्यांच्या भिंतीवर त्यांचा देव. चाळीत जात बघून पाणी भरणारी माणसंही होती, नाही असं नाही. पण फळीच्या अलीकडे-पलीकडे मी ते कधी पाहिलं नाही, निदान त्या वर्षापर्यंत तरी नाही.

माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, आणि शांतारामकाका एकाच कारखान्यात होते. कारखाना म्हणजे एका लांबट गाळ्यात चार प्रेस. डब्यांची झाकणं व्हायची तिथे. छोट्या प्रेसवर एकेक माणूस असायचा, पण मोठ्या प्रेसला दोघं लागत. काका पत्र्याचा तुकडा साच्यावर सरकवायचे, हात मागे घ्यायचे आणि म्हणायचे, "मार." त्यांनी मार म्हटलं की दादा पायाने पॅडल दाबायचे आणि वरचा भाग खाली यायचा. दिवसातून किती हजार वेळा ते दोघं हे करत असतील मला ठाऊक नाही. एवढं आठवतं की रविवारी दोघं बाहेर ओट्यावर पत्ते खेळत बसले तरी पान टाकायच्या आधी दादा क्षणभर काकांच्या तोंडाकडे बघायचे, आणि काका हसून म्हणायचे, "मार रे किसन, हयसर बोटा नाय जाऊची."

मी तेव्हा पाचवीत होते. महानगरपालिकेची शाळा, सकाळचं सत्र. आम्हाला मराठीला राऊतबाई होत्या. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, आवाज पुरुषासारखा खर्जातला. त्या मारायच्या नाहीत, पण वही परत देताना जे बोलायच्या ते मारण्यापेक्षा जास्त लागायचं. मला निबंधात कधी दहापैकी चारच्या वर मिळत नसत. माझं अक्षर बरं होतं, शुद्धलेखनही बरं होतं. एके दिवशी बाईंनी माझी वही सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवली. ‘माझी रविवारची सकाळ’ असा विषय होता. मी लिहिलं होतं, आम्ही उठलो आणि आईने पाणी भरलं आणि दादा बाजारात गेले आणि आम्ही चहा प्यायलो आणि मी दात घासले. बाई म्हणाल्या, "निर्मला, चहा प्यायल्यावर दात घासतेस?" वर्ग हसला. मी म्हटलं, नाही बाई, आधी घासते. "मग तसं लिही ना. ‘आणि’ला काही कळत नाही बाळ. तू देशील ते तो शेजारी ठेवतो. आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं, हे तुला सांगायला लागतं."

त्यानंतरचे पंधरा दिवस बाईंनी आम्हाला दुसरं काही शिकवलंच नाही. फळ्याच्या एका कडेला त्यांनी उभे शब्द लिहून ठेवले आणि सफाईवाल्या मावशींना बजावलं, एवढे पुसायचे नाहीत. आधी. मग. त्यानंतर. तोवर. इतक्यात. शेवटी. पाचसहा मुलांना त्या पुढे बोलवायच्या, प्रत्येकाच्या पाटीवर एकेक वाक्य लिहायच्या आणि बाकीच्यांना सांगायच्या, लावा यांना रांगेत. आम्ही मुलांना खांद्याला धरून ओढायचो, ढकलायचो, भांडायचो. मला ‘तोवर’ समजायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. बाई म्हणाल्या, "तुझी आई भाकरी थापते तेव्हा तव्यावरची भाकरी काय करते?" "भाजते." "दोन्ही एकदम होतं. पण कागदावर दोन ओळी एकदम लिहिता येत नाहीत. एक वर येते, एक खाली. म्हणून तोवर." मी घरी जाऊन आईच्या मागे लागले. ती भाकरी करायला बसली की मी दारात बसून मोठ्याने सांगायचे, आधी आईने पीठ घेतलं, मग त्यात पाणी घातलं, तोवर तवा तापला. दोनतीन दिवस आई हसली. चौथ्या दिवशी म्हणाली, "आता आधी तू उठ, मग ती बादली भर, त्यानंतर बडबड कर."

पुढे बत्तीस वर्षं मीही हेच काम केलं. पालिकेच्या शाळांत मराठी शिकवलं, आणि जिथे जिथे वर्ग मिळाला तिथे फळ्याच्या कडेला हे शब्द लिहून ठेवले. आता निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, तुम्हाला शिक्षिका का व्हावंसं वाटलं. मी काहीतरी सांगून मोकळी होते. खरं कारण सांगायचं तर ही सगळी हकिगत सांगावी लागेल, आणि ती मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेली नाही.

तो शनिवार होता. सकाळी नळाला पाणी उशिरा आलं, त्यामुळे आईचा स्वयंपाक लांबला आणि दादा डबा न घेताच गेले. शाळा सुटून मी आले तेव्हा आईने डबा फडक्यात बांधून तयार ठेवला होता. म्हणाली, "जा, दादांना देऊन ये. आत जाऊ नकोस हं, मशिनं असतात. दारातच उभी राहा आणि हाक मार." मी गेले. गाळा रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली होता, उन्हातून एकदम आत बघितलं की काही दिसायचं नाही. मी दारात उभी राहिले, डोळे सरावले, तेव्हा मोठ्या प्रेसजवळ दादा आणि काका दिसले. पत्रा साच्यात अडकला होता. काका वाकले होते आणि उजवा हात आत घालून तो सोडवत होते. दादा पाय पॅडलपासून बाजूला घेऊन उभे होते. बाकीच्या तीन प्रेसचा एवढा आवाज होता की मला जोरात ओरडावं लागलं. मी ओरडले, "दादा!" दादांनी झटकन मागे वळून बघितलं. वळताना त्यांनी तोल सावरायला पाय टेकला. तो पॅडलवर पडला.

काकांचा आवाज मी ऐकला नाही. कुणीच ऐकला नाही बहुतेक. दादांचा ऐकला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. मधली तीन. एवढंच लिहिते.

कुणीतरी मला खांद्याला धरून रस्त्यावर आणलं आणि घरी जा म्हणून सांगितलं. डबा माझ्या हातातच होता. मी तो घरी परत नेला, आणि आईने विचारलं, दिला नाहीस का, तेव्हा तो तसाच जमिनीवर ठेवला. संध्याकाळपर्यंत चाळीत सगळ्यांना कळलं होतं. काकू इस्पितळात गेल्या, त्यांची दोन लहान मुलं आमच्याकडे जेवली, आमच्याकडेच झोपली. दादा उशिरा आले, त्यांनी आंघोळ केली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मालकाने सोमवारी दादांना विचारलं, कसं झालं. दादांनी सांगितलं की शांतारामने मार म्हटलं, मी पॅडल दाबलं आणि मग त्याने हात घातला. बाकीचे कामगार आपापल्या मशिनीवर होते, कुणी पाहिलेलं नव्हतं. मालकाने तसं कागदावर लिहून घेतलं. म्हणजे चूक काकांची ठरली. काका तीन आठवड्यांनी हाताला भलंमोठं बँडेज बांधून घरी आले, तेव्हा मालकाचा निरोप आला की असल्या निष्काळजी माणसाला परत ठेवता येणार नाही. आणि याहून वाईट म्हणजे काकांनीही तेच खरं धरलं. त्यांना त्या क्षणाचं काही आठवतच नव्हतं. पत्रा अडकला एवढं आठवत होतं आणि नंतर एकदम इस्पितळातलं छत. मधलं गेलं होतं. लोक जे सांगत होते त्याने त्यांनी ती जागा भरून काढली. दादा रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायचे, आणि मी फळीच्या अलीकडून ऐकायचे. काका म्हणायचे, "इतकी वर्सा झाली रे किसन, माझ्या तोंडातून मार कसा गेला? पत्रो अडकललो असताना?" काकू म्हणायच्या, "लक्षच नव्हता तुमचा. माका ठाऊक हा तुमचा लक्ष." आणि दादा उठून यायचे.

मला सगळं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि सांगता येणं यांत फरक असतो, आणि दहा वर्षांच्या मुलीला आपले वडील खोटं बोलतात असं वाक्य मनातसुद्धा म्हणता येत नाही. मी काय केलं, तर दादा सांगत होते तेच बहुधा खरं असेल, मलाच नीट दिसलं नसेल, अंधार होता, असं स्वतःला सांगत राहिले. आईला मी काही बोलले नाही. तिने विचारलंही नाही. मी दारात पोचायच्या आधीच सगळं घडून गेलं असेल, असं तिने धरलं होतं.

त्याच दिवसांत राऊतबाईंनी विषय दिला, ‘मी पाहिलेला एक प्रसंग’. फळ्यावरचे सहाही शब्द आले पाहिजेत म्हणाल्या. मुलांनी लग्नाच्या वरातीवर लिहिलं, विहिरीत पडलेल्या मांजरावर लिहिलं. मी कंपासपेटीचं झाकण उघडून बराच वेळ बसून राहिले आणि मग जे डोक्यात होतं तेच लिहिलं, कारण दुसरं काही डोक्यात नव्हतंच. कुणावर आरोप करतेय असं मला वाटलं नाही. मी फक्त शब्द लावत होते. आधी काकांनी पत्रा ठेवला. मग तो अडकला. त्यानंतर काकांनी तो काढायला हात आत घातला. तोवर दादा बाजूला उभे होते. त्यानंतर दादांचा पाय पॅडलवर पडला. शेवटी काकांना टॅक्सीतून इस्पितळात नेलं.

शाळा सुटल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं. वर्ग रिकामा झाला. त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली, लाल पेन बाजूला ठेवलं आणि चष्मा काढून पुसला.

"हे तू पाहिलंस?"

"हो बाई."

"इथे एक शब्द राहिलाय. ‘इतक्यात’ कुठे आहे?"

मी पान खालपासून वर बघितलं.

"शब्द राहिला म्हणून नाही विचारत मी. ही ओळ बघ. दादा बाजूला उभे होते. आणि त्याच्या खालची ओळ, दादांचा पाय पॅडलवर पडला. बाजूला उभ्या माणसाचा पाय आपोआप कसा पडेल? या दोन ओळींच्या मध्ये काहीतरी झालं असणार."

मी खाली बघत राहिले. मधल्या सुट्टीत कुणीतरी सांडलेले चुरमुरे बाकाखाली पडले होते, ते मला अजून दिसतात. बाईंना घाई नव्हती. शेवटी मी म्हटलं, "मी हाक मारली."

"मग ते लिही."

मी पेन्सिल घेतली, दोन ओळींच्या मध्ये जागा नव्हती, बारीक अक्षरांत लिहिलं. इतक्यात मी दारातून दादांना हाक मारली. आणि लिहिल्या लिहिल्या रडायला लागले. रडतारडता सांगितलं की दादा असं सांगत नाहीत, दादा सांगतात की काकांनी मार म्हटलं, आणि काकांची नोकरी गेली. बाईंचा चेहरा बदलला. तोवर त्यांना वाटत होतं की आपण एका घाबरलेल्या मुलीचा निबंध तपासतोय. त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. म्हणाल्या, "ही वही मी कुणाला दाखवणार नाही. ही तुझी आहे. घरी दाखवायची की नाही ते तू ठरव. पण निर्मला, यातली ओळ पुढेमागे करून आणलीस तर मी घेणार नाही." त्यांनी मला दहापैकी किती दिले ते सांगायचं राहिलं. काहीच दिले नव्हते. वहीवर लाल शाईचा एक ठिपकाही नव्हता.

या गोष्टीवर मी पुढे पुष्कळ विचार केला. मी स्वतः शिक्षिका झाल्यावर तर फारच. बाईंनी एवढं ओझं दहा वर्षांच्या मुलीच्या हातात द्यायला हवं होतं का? त्या स्वतः येऊन दादांशी बोलू शकल्या असत्या. कधी वाटतं, त्यांनी अंग काढून घेतलं. कधी वाटतं, त्या आल्या असत्या तर दादांनी बाहेरच्या बाईसमोर आणखी एक खोटं सांगितलं असतं आणि मग त्यातून कधीच सुटले नसते. मला आजही याचं उत्तर येत नाही. माझ्या वर्गात असा प्रसंग आला असता तर मी काय केलं असतं, तेही येत नाही.

चार दिवस वही दप्तरातच राहिली. पाचव्या दिवशी दुपारी काकांनी मला हाक मारली. ते ओट्यावर बसले होते, बँडेज सुटलं होतं, हात त्यांनी टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवला होता. शेजारी अंतर्देशीय पत्र आणि पेन. "गो चेडवा, माका एक पत्र लिवन दी. आवशीक धाडूचा हा." त्यांची आई गावी होती आणि तिला अजून काही कळवलेलं नव्हतं. मी बसले. त्यांनी सांगितलं तसं लिहीत गेले. आम्ही सगळे खुशाल आहोत. मुलं शाळेत जातात. माझ्या हाताला लागलं आहे पण आता बरं आहे. काळजी करू नये. मग ते थांबले, समोरच्या गटाराकडे बघत राहिले आणि म्हणाले, "लिव. चूक माझीच होती. मीच आधी मार म्हटलंय आणि मगे हात घातलंय. म्हंजे ती दुसऱ्या कोणाक बोल लावची नाय."

काका म्हणाले, "लिवलंस?" मी हो म्हणून मान हलवली आणि काही लिहिलं नाही. तिथे एक ओळ कोरी सोडली, खाली त्यांचं नाव लिहिलं आणि पत्र त्यांच्या हातात न देता म्हटलं, "मी चिकटवून देते काका, उद्या." ते हो म्हणाले.

संध्याकाळी दादा घरी आले, हातपाय धुऊन बसले. आई स्टोपुढे होती. मी दप्तरातून वही काढली, ते पान उघडलं आणि त्यांच्यासमोर ठेवली. दादा चौथी शिकलेले होते, वाचताना अक्षरांखालून बोट फिरवायचे. ते बोट सावकाश खाली येत गेलं, त्या बारीक अक्षरांतल्या ओळीपाशी थांबलं, परत वर गेलं. पुन्हा खाली आलं.

"हे बाईंनी वाचलं?"

"हो."

आई म्हणाली, "काय आहे त्यात?" दादांनी वही माझ्याकडे सरकवली. "वाच. मोठ्याने नको. आईपुरतं." मी उकिडवी बसून आईच्या कानाशी वाचलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती करपायला लागली, धूर वर जाऊन पलीकडे गेला आणि काकूंनी विचारलं, "काय गो जळला?" आईने स्टोची किल्ली फिरवून तो विझवला. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाली, "हाक मार म्हणून मीच सांगितलं होतं तुला." आणि दादांकडे वळली.

"तुम्ही असं का सांगितलंत?"

दादा म्हणाले, "हिचं नाव आलं असतं मधे."

"हिचं, की तुमचं?"

मी या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या शेवटच्या आजारपणापर्यंत कधी मागितलं नाही, तेव्हाही नाही. मला वाटतं दोन्ही खरं होतं, आणि कुठलं आधी खरं होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आई म्हणाली, "आधी पलीकडे जाऊन या. जेवण मग."

दादा उठले, सदरा घातला. शेजारच्या खोलीत जाताना कुणी सदरा घालत नाही. आम्ही दोघी फळीच्या अलीकडे बसून राहिलो. दादा काय बोलले ते सगळं ऐकू आलं नाही, आवाज फार खाली होता. "माझं लक्ष गेलं... पाय पडला... तू मार म्हटलं नव्हतंस शांताराम." काकूंच्या हातातली कसलीतरी भांडी जमिनीवर ठेवल्याचं ऐकू आलं. मग काका म्हणाले, "मी म्हणूक नाय?"

"नाही."

"म्हणूक नाय मी." आणि पुन्हा काकूंना, "शेवंते, मी मार म्हणूक नाय गो." ते रागाने बोलत नव्हते. इतके आठवडे ते जे शोधत होते ते सापडल्यासारखा त्यांचा आवाज होता. त्यानंतर ते रडायला लागले, आणि मोठ्या माणसाचं असं रडणं मी पहिल्यांदा ऐकलं.

राग नंतर आला, आणि तो काकूंना आला. तो येणारच होता. त्या दिवसापासून पलीकडून वाटी आली नाही. काकूंनी फळ्यांच्या वरची मोकळी जागा गोणपाट लावून बंद केली. आईने ते खिळे ठोकल्याचे आवाज मुकाट ऐकले. आमचीच माणसं आम्हाला बोलली, आणि चाळीत जी आधीपासून जात बघून पाणी भरत होती ती आता उघड बोलली. दादांनी मालकाला जाऊन खरं सांगितलं. मालक म्हणाला, कागद झाले, आता काय उपयोग, आणि आठवड्याभरात दादांनाही काढलं. मग दादा काकांना घेऊन कामगारांच्या सरकारी कचेरीत गेले. साहेबांपुढे उभं राहून आपल्याच विरुद्ध जबाब दिला, आणि खेटे घालत राहिले, काकांच्या बरोबर, जाताना दोघं एकत्र आणि बोलणं नाही. त्यात वर्ष गेलं. शेवटी मालकाला काकांना परत घ्यावं लागलं, फाटकावर, बसून करायच्या कामाला. दादांना पुढे भांडुपला एका गोदामात हमालीचं काम मिळालं. प्रेसच्या पॅडलवर त्यांनी पुन्हा पाय ठेवला नाही. मरेपर्यंत त्यांना मागून कुणी हाक मारली की ते लगेच वळायचे नाहीत. आधी हातातलं काम खाली ठेवायचे, मग वळायचे.

पण मला सांगायचंय ते त्या मधल्या दिवसांतलं. दादा पलीकडे जाऊन आले त्या संध्याकाळी माझ्या लक्षात एक गोष्ट आली होती. ते म्हणाले होते, माझं लक्ष गेलं. कशामुळे गेलं ते ते म्हणाले नव्हते. म्हणजे काकांना अजून पूर्ण कळलेलं नव्हतं. मला झोप येईना, जेवण जाईना. आईने विचारलं तर तिला सांगितलं, मला काकांकडे जायचंय. ती म्हणाली, "काकू घरात घेणार नाहीत." मी म्हटलं, ओट्यावर असतात. तिने माझी वेणी घातली आणि जा म्हणाली.

काका ओट्यावरच होते. डाव्या हाताने सदऱ्याचं बटण लावायचा प्रयत्न करत होते. ते कोरी ओळ असलेलं पत्र मी त्यांना परत दिलं आणि म्हटलं, "काका, हे तुम्ही सांगितलेलं मी लिहिलं नाही." त्यांनी पत्राकडे बघितलं, मान हलवली, बाजूला ठेवलं. मी तिथेच उभी राहिले. आतून काकूंच्या बांगड्यांचा आवाज येत होता आणि मला वाटत होतं त्या आत्ता बाहेर येतील.

मी म्हटलं, "काका, दादांचं लक्ष गेलं ते माझ्यामुळे. तुमचा हात आत होता आणि मी दारातून त्यांना हाक मारली."

काका बटण लावायचे थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. दारात काकू येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनीही ऐकलं होतं. मी पळून जाणार नाही असं ठरवून पायांची बोटं जमिनीत रुतवून उभी होते. काका म्हणाले, "इतके दीस ह्या पोटात घेऊन बसलंस?"

मी मान हलवली.

"गो चेडवा," ते म्हणाले, "बापाशीक हाक मारूची नाय, तर आणि कोणाक मारूची?"

मग त्यांनी तो टॉवेलात गुंडाळलेला हात थोडा बाजूला सरकवून ओट्यावर जागा केली. मी बसले. काकू आत गेल्या नाहीत, तशाच दारात उभ्या राहिल्या, आणि मी काकांच्या सदऱ्याची बटणं वरपासून खालपर्यंत लावून दिली.